पेटीभर सारखी ऊब

हॅचरीत तिला सगळे पाराबाई म्हणत. अंडी उबवून पिल्लं काढायचा तो कारखाना. कपाटाएवढ्या यंत्रांत अंड्यांचे ट्रे रचलेले असत आणि प्रत्येक दारावर तापमानाचे लाल आकडे लुकलुकत. पण पाराबाई आकड्यांकडे बघायचीही नाही. एक अंडं काढायचं, मिटल्या पापणीवर क्षणभर टेकवायचं आणि सांगायचं, "मागच्या कोपऱ्यात कमी पडतंय." मिस्त्री कुरकुरत पंखा उघडायचा, आणि तिथं खरंच काहीतरी अडकलेलं सापडायचं. उबवणीचं सगळं शास्त्र तिच्या लेखी एवढंच होतं: पेटीत कुठंही हात घाला, ऊब सारखी लागली पाहिजे. एखादा कोपरा गार राहिला, की त्या कोपऱ्यातली पिल्लं गेलीच म्हणून समजा.

नवरा पलीकडच्या गल्लीत कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीत. हॅचरीत पोती पोचवायला यायचा आणि पोती उतरवून झाली तरी हलायचा नाही. "बाई, माझाही ताप बघा की जरा, अंग गरम लागतंय," असं एकदा चारचौघांत म्हणाला होता. हातातला ट्रे न ठेवता ती म्हणाली होती, "तुम्ही तर आधीच तडकलेले दिसता." एवढ्यावर लग्न जमलं.

बोलका माणूस. भिंतीलाही उत्तर द्यायला लावील असा. गिरणीत मक्याची, पेंडीची, मासळीच्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षं त्याच्या छातीत जाऊन बसत होती आणि तो शिट्टी वाजवत होता. आधी शिट्टी गेली. मग जिना जड झाला. मग गिरणी सुटली. आणि एक दिवस तो पलंगावर बसला तो बसलाच.

छातीच्या डॉक्टरांनी बजावलं, धूळ नको, धूर नको, केसाळ जनावर नको, पिसं तर अजिबात नकोत. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" तिनं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पिल्लांच्या अंगावरची ती पिवळी लव तिच्या केसांत, बाह्यांत, कानाच्या पाळीमागंसुद्धा असायची. नोकरी सोडावी तर घर चालायचं कशावर? म्हणून मग ती मागच्या दारानं यायची, कपडे बादलीत बुडवायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, आणि केस वाळेपर्यंत खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून राहायची. बाहेरची धूळ आणि गार वारा आत येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत तिनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. नवऱ्याच्या पायांवर दोन पांघरुणं. एवढं सगळं करून रात्री तिचं अंथरूण दुसऱ्या खोलीत.

दवाखान्यातून एक प्लॅस्टिकचं यंत्र मिळालं होतं. नळी तोंडात धरायची, श्वास आत ओढायचा, की निळे गोळे वर उचलले जायचे. सुरुवातीला त्यानं चेष्टा केली, "आता हेच खेळायचं राहिलं होतं." मग चेष्टाही थांबली. गोळे खाली बसले ते बसले. ती म्हणायची, "अहो, एकदा तरी ओढा." तो भिंतीकडे तोंड करायचा.

त्याची धाकटी बहीण लांब, कोरड्या हवेच्या गावात राहायची. तिचा दर आठवड्याला फोन. "वहिनी, दादाला माझ्याकडे पाठव. इथली हवा बरी आहे. आणि रागावू नकोस, पण तू कामावरून येतेस तीच मुळी पिसं घेऊन." यात खोटं काय होतं? पण पाराबाईची धास्ती वेगळीच होती. तिला वाटायचं, हा माणूस इथून हलला की संपला. तिथं तो भिंतीकडे तोंड करून पडेल, बहीण वेळेवर ताट नेऊन ठेवेल, वेळेवर उचलून नेईल, आणि एक दिवस फोन येईल. शेवटी तिनं त्यालाच विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

"इथं काय आणि तिथं काय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. माणूस रागावला असता, रडला असता, तर धरायला काही सापडलं असतं. या उत्तराला कुठं धरायचं?

बहिणीनं महिनाअखेरीला येऊन त्याला घेऊन जायचं ठरवलं. आणि त्याच सुमारास एका संध्याकाळी तो आपणहून बोलला.

"आज ती आली नाही."

"कोण?"

"पाल. ट्यूबलाइटमागची."

म्हणजे हा भिंतीकडे तोंड करून नुसता पडत नव्हता तर! कोणाची तरी वाट बघत होता. भिंतींना बुरशी धरली म्हणून तिनंच मागच्या आठवड्यात खोलीला रंग काढून घेतला होता, तेवढे दिवस त्याला बाहेरच्या खोलीत झोपवलं होतं. रंगाबरोबर किडे गेले, किड्यांबरोबर पाल गेली. पाल काही परत आली नाही. तोही पुन्हा बोलला नाही.

शेजारीण ऐकून खो खो हसली. "पाल विकत आणणार? अगं, माझ्या स्वयंपाकघरातल्या घेऊन जा, वर चहा पाजते! लोक झाडू घेऊन मागं लागतात आणि ही पिशवी घेऊन निघाली."

"तुझ्याकडच्या थांबतात का एका जागी?"

"थांबल्या असत्या तर झाडू लागला असता का?"

"मग मला थांबणारं काहीतरी हवं," पाराबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून शेजारणीचं हसू ओसरलं.

पाळीव जनावरांच्या दुकानात पक्षी नाहीत, हे तिनं आधी बाहेरून काचेतून बघून घेतलं. दुकानदार पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. "पहिल्यांदाच?" त्यानं विचारलं. "मग आधी सांगा, कोणासाठी? मी माणूस ऐकून जनावर देतो."

"अंथरुणावरच्या माणसासाठी. केस नकोत, पिसं नकोत, धूळ उडायला नको."

"मग मासे न्या."

"मासे आपल्याकडे बघत नाहीत."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं काचेच्या पेट्यांची रांग होती. पहिल्या पेटीत कोवळ्या पानासारखं हिरवंगार पिल्लू. पाराबाईचं मन तिथंच बसलं. "इग्वाना, परदेशी सरडा," दुकानदार म्हणाला. "नवख्या माणसाला सगळ्यात आधी हाच आवडतो. आता बोटाएवढा आहे. पुढं तुमच्या हाताहून लांब होईल, आणि मग घर त्याचं आणि भाडेकरू तुम्ही."

दुसऱ्या पेटीत फांदीला धरून बसलेला एक रंगीत सरडा, दोन डोळे दोन दिशांना. "हा दिसायला राजा. पण याला हात लावलेला चालत नाही, टक लावून बघितलेलं चालत नाही. जरा काही झालं की मनाला लावून घेतो, खाणं सोडतो आणि मरतो."

"असा एक घरी आहे," पाराबाई म्हणाली.

तिसरी ठिपक्यांची पाल, शेपटी जाड, स्वभाव गरीब. "पहिल्या वेळेला ही उत्तम. कमी जागा, कमी कटकट. दिवसभर झोपते, संध्याकाळी उठते." दिवसभर झोपते म्हटल्यावर पाराबाई पुढं सरकली. भिंतीकडे तोंड करून झोपणारा आणखी एक जीव घरात आणून करायचं काय?

चौथ्या पेटीतला प्राणी दगडावर बसून सरळ तिच्याकडे बघत होता. वीतभर, मातकट, गळ्याखाली काट्यांची दाढी. तिनं काचेजवळ तोंड नेलं, तसा त्यानं पुढचा एक पाय उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला, रस्त्यापलीकडून कोणी ओळखीचं दिसावं तसा.

"दाढीवाला ड्रॅगन. आहे सरडाच, पण नाव मोठं, स्वभाव गायीचा. दिवसा जागा, माणसं ओळखतो. पालाही खातो, किडेही खातो." किड्यांचंही तिनं खोदून विचारलं. अळ्या कोंड्यात ठेवतात हे ऐकल्यावर तिनं कानांवर हात ठेवले. कोंडा म्हणजे पुन्हा धूळच. शेवटी भोकं पाडलेल्या डब्यातले रातकिडे ठरले.

"आता नीट ऐका," दुकानदार म्हणाला. "या टोकाला दिवा आणि दगड, तिथं कडक ऊन पाहिजे. त्या टोकाला सावली, गारवा. यांचं रक्त आपल्यासारखं नसतं. गरम झालं की हा सरकतो, गार वाटलं की परत येतो."

पाराबाई कित्येक दिवसांनी हसली. "काका, ऊब मला नका शिकवू. माझं आयुष्य गेलंय त्यात."

घरी आल्यावर तिनं पेटीला तीन बाजूंनी थर्माकोल लावलं. हॅचरीच्या मिस्त्रीनं जुन्या यंत्रातलं ताप राखायचं बटण बसवून दिलं. दोन्ही टोकांना दिवे. तिनं मिटल्या मुठीनं चारही कोपरे चाचपले. कुठंही हात घाला, ऊब सारखी. मनाजोगं काम झाल्यासारखी ती मागं सरकली. दुकानदारानं सांगितलेला गार कोपरा तिच्या कानावरून गेला होता, पण गार कोपऱ्यात काय होतं ते तिनं जन्मभर पाहिलेलं होतं.

नवऱ्यानं मान वळवली. "हे काय आणलंस?"

"तुमची पाल गेली ना, म्हणून."

त्यानं पेटी नीट न्याहाळली. "दाढी आहे, कामधंदा काही नाही, नुसता बसून राहतो आणि लोक बघायला येतात. बुवाच आहे हा."

नाव पडलं. शेजारीण बुवांच्या दर्शनाला म्हणून आली आणि हात जोडून गेली. उशी भिंतीच्या बाजूनं पेटीच्या बाजूला आली. कामावरून येऊन ती केस वाळवत उंबऱ्याबाहेर बसली, की आतून बातमी यायची, "बुवानं आज पाय हलवला," "बुवा आज माझ्याकडे बघत होता, मी डोळा मारला." ती श्वास रोखून ऐकायची. एकदा तिला निळा गोळा टक्कन वाजल्यासारखं वाटलं. तिनं विचारलं नाही. दृष्ट लागेल असं वाटलं.

आणि मग बुवानं खाणं सोडलं.

आधी पाला तसाच राहिला. मग रातकिडे त्याच्या पाठीवरून फिरू लागले तरी त्याला त्याचं काही नाही. तो एका कोपऱ्यात काच खरवडत राहायचा, नाहीतर पाण्याच्या वाटीला चिकटून पडायचा. मग त्यानं तोंड उघडलं ते मिटेचना. जबडा वासलेला, गळा खालीवर होतोय, बरगड्या दिसताहेत.

पाराबाई पेटीशी वाकली. आजारी जीवाला काय लागतं? ऊब. तिनं बटण थोडं पुढं सरकवलं. वरच्या जाळीवर टॉवेल टाकला. आणि मागं वळून नवऱ्याच्या पायांवर आणखी एक पांघरूण घातलं.

तो तिच्याकडे बघत होता. अगदी शांतपणे म्हणाला, "आरसा आणून ठेवलास होय माझ्यासमोर?"

"असं काय बोलता?"

"तोंडानं श्वास घेतोय बघ. माझ्यासारखाच. मी किती दिवस पुरेन ते याच्याकडे बघून कळेल, सोय झाली." आणि उशी परत भिंतीच्या बाजूला गेली.

त्या दिवशी तिचा धीर सुटला. न्हाणीघरात पाणी सोडून ती तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून रडली. आपल्याच हातानं आपण त्याच्यासमोर मरण आणून मांडलंय, दिवे लावून, असं तिला वाटलं. बहीण परवा येणार होती. दुकानात परत न्यावा का? रिकामी पेटी तरी त्याला काय सांगेल? ठेवावा तर हा मरणार. काहीही केलं तरी उत्तर एकच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हॅचरीतली वीज गेली. जनरेटर धडधडला, यंत्रं पुन्हा फिरू लागली, तशी मुकादम म्हणाली, "पाराबाई, तुमच्या भागातलीही गेलीय म्हणे. लवकर नाही यायची."

तिच्या डोळ्यांसमोर बंद खोली उभी राहिली. पंखा बंद, फटी बंद, आत ते दोघं. टोपी, एप्रन, कशाचंही भान न ठेवता ती पळत सुटली. धापा टाकत थेट पुढच्या दारानं घरात शिरली आणि खोलीच्या उंबऱ्यावर थबकली.

खिडकी सताड उघडी होती. कागदाच्या पट्ट्या फाटून लोंबत होत्या. थर्माकोलचे तुकडे खोलीभर. आणि तिचा नवरा पलंगाच्या पायाला टेकून जमिनीवर बसला होता, ओठ निळसर, हात पेटीच्या काचेवर.

तिनं पाऊल आत टाकलं.

"तिथंच थांब!"

तिनं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. बाहीभर पिवळी लव. ती तशीच, चौकट घट्ट धरून उभी राहिली. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि तिला जाता येत नव्हतं.

"पंप घेतलात का? अहो, श्वासाचा पंप!"

"घेतला. आता बोलू दे मला." तो एकेक शब्द ओढून आणत होता. "अंडं आहे का गं तो? कोणी सांगितलं तुला त्याला उबवायला?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! मी रोज बघत होतो. वाटीला चिकटून बसायचा, पोट पाण्याला लावून. मला वाटलं, याला मरायचंय. मरू दे बापडा, मीही तेच करतोय." तो थांबला, श्वास शोधला. "पंखा गेला. माझाच जीव घुसमटला. तुझे कागद फाडले. वारा आला. मग याच्याकडे लक्ष गेलं. म्हटलं, याच्याभोवती तर आणखी गोधड्या. काढलं सगळं. आणि हा उठला. त्या टोकाला गेला. तोंड मिटलं." त्यानं काचेवर बोट टेकवलं. "याला मरायचं नव्हतं गं. याला सरकायला जागाच नव्हती कुठं."

इतक्या दिवसांत तो तिच्यावर ओरडला नव्हता. किती रागावला होता तो! आणि ओरडून ओरडून किती दमला होता. त्याला उचलून पलंगावर ठेवायला तिचे हात शिवशिवत होते.

"मी अंघोळ करून येते," ती म्हणाली. "तोवर पडू नका."

"पडत नाही. जा."

वीज आल्यावर त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. एकच दिवा, एकाच टोकाला. दुसरं टोक उघडं. थर्माकोल कचऱ्यात. बुवा दगडावर जाऊन बसला, त्यानं अंग पसरलं, मग उठून सावलीला गेला. पण खात काही नव्हता. बरगड्या तशाच. दुकानदार फोनवर म्हणाला, "फार तापलेला दिसतोय. खाल्लं तर वाचेल, नाही तर नाही."

बहीण आली ती सकाळीच, रिकामी बॅग घेऊन. तिनं भावाच्या मनगटाला हात लावला आणि तिचे डोळे भरले. मग पेटीकडे बघून म्हणाली, "आणि हे काय ध्यान?"

"बुवा," भाऊ म्हणाला. "हा खाईपर्यंत मी कुठं येत नाही."

"दादा, सरड्यासाठी थांबणार तू?"

"तुझं लग्न जमेपर्यंत नव्हतो का थांबलो? त्याला तर यापेक्षा जास्त वेळ लागला होता."

बहिणीला हसू आवरलं नाही, पण ती आपल्या म्हणण्यावरून हटली नाही. "ठीक आहे. खाल्लं की निघायचं. गाडीवाल्याला मी दुपारपर्यंत थांबवलंय. शब्द दे."

"दिला."

जेवणं झाली. तो पडल्या पडल्या पेंगू लागला, बहीण बाहेरच्या खोलीत कपडे बॅगेत भरू लागली. पाराबाई चिमट्यात रातकिडा धरून पेटीशी बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाची वाट बघतोय हेच आपल्याला माहीत नाही. बुवानं खाल्लं, की नवरा जाणार. नाही खाल्लं, की बुवा जाणार, आणि बुवा गेल्यावर नवऱ्याचं काय होईल ते तिनं पाहिलेलंच होतं. किडा डब्यात परत टाकावा? दुपार टळेल. गाडी जाईल. कोणाला कळणार आहे? तिचा हात मागं आलाही.

बुवानं मान तिरपी केली. एका डोळ्यानं त्यानं किड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उपाशी जीव होता. जन्मभर पिल्लांना दाणापाणी दाखवलेला तो हात आपसूक पुढं गेला.

चटकन जीभ आली. कुडुम कुडुम आवाज झाला.

"अहो!" ती ओरडली, काही सुचायच्या आतच. "अहो, खाल्लं! बुवानं खाल्लं!"

बहीण दारात आली. "खाल्लं? चला, सुटलो. वहिनी, दादाच्या गोळ्या कुठं आहेत?"

पाराबाईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तिच्या मागं पलंग करकरला. तो उठत होता. पलंगाचा कठडा, मग खुर्चीची पाठ, मग टेबल, असं धरत धरत तो पेटीपर्यंत आला आणि वाकून बघू लागला. श्वासाचा आवाज खोलीभर होता.

"किती खाल्ले?"

"एक."

"एक." त्यानं बहिणीकडे वळून पाहिलं. "एवढा वीतभर देह, इतक्या दिवसांचा उपास, आणि एका किड्यावर याचं जेवण झालं म्हणतेस?"

"दादा, शब्द दिला होतास."

"मग पोटभर खाऊ दे की. चिमटा इकडे आण गं."

त्यानं डब्यात चिमटा घातला. दुसरा रातकिडा चिमट्यातून निसटला, टेबलावरून उडी मारून जमिनीवर पडला आणि थेट बहिणीच्या पायांकडे निघाला. ती किंचाळून खुर्चीवर चढली. तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. तो वाईट खोकला होता, लांबलचक, माणसाला आतून पिळून काढणारा. पाराबाईनं त्याला पाठीमागून धरलं. तिच्या तळव्याला एकेक बरगडी लागत होती. बहीण खुर्चीवर उभी राहून रडत होती, "दादा, बस ना रे, दादा." खोकला थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ पुन्हा निळे झाले होते. खुर्चीवर उभी असलेली बहीण आणि पाठीशी उभी असलेली बायको, दोघींनाही एकच दिसत होतं. हा माणूस बरा झालेला नव्हता.

श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "गाडीवाल्याला परत पाठवून दे."

"आजच्या दिवस?" बहिणीनं विचारलं.

"आजच्या दिवस."

मग पाराबाईच्या हातावर भार टाकून त्यानं चिमटा पुन्हा नीट धरला. "डब्यात अजून आहेत ना?"

"आहेत," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं.